एकशे अठ्ठावीसपासून खाली

लिफ्ट थांबली हे आतल्या माणसाला दार उघडल्यावरच कळलं पाहिजे, त्याआधी नाही, असं निरीक्षकांचं ठाम मत होतं. एकतीस वर्षं ते सरकारी लिफ्ट-निरीक्षक होते आणि या एका वाक्यावर त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली असं म्हटलं तरी चालेल. लिफ्टच्या फरशीवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवायचा, सातव्या मजल्यावरून खाली यायचं, आणि एक थेंब जरी सांडला तरी लिफ्टला कुलूप. मालक गयावया करत, ओळखी काढत, पण निरीक्षक विरघळत नसत. असा माणूस एका रविवारी भर दुपारी नाचाच्या कार्यक्रमात गाणी लावायला उभा राहिला, हे कुणी सांगितलं असतं तर त्यांच्या कचेरीतल्या शिपायानेही विश्वास ठेवला नसता. पण ते घडलं, आणि त्याची सुरुवात सिस्टरपासून झाली.

सिस्टर म्हणजे निरीक्षकांची बायको. चौतीस वर्षं मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीतल्या मुख्य परिचारिका. सगळी वस्ती त्यांना सिस्टर म्हणे आणि चारचौघांत निरीक्षकांच्याही तोंडून तेच निघून जाई. त्या महिनाअखेरीस निवृत्त होणार होत्या. दवाखान्यातली मंडळी आणि शेजारीपाजारी मिळून रविवारी चार वाजता इमारतीच्या सभागृहात निरोपाचा कार्यक्रम करायचं ठरलं. भाषणं नकोत, असं सिस्टरनी आधीच बजावलं. "भाषणात बसून राहावं लागतं. चौतीस वर्षं उभी आहे मी, आता बसले तर उठायची नाही. नाच ठेवा." नाचाला संगीत हवं आणि संगीताची सोय घरातच होती, कारण त्यांची एकुलती एक लेक डीजे होती.

निरीक्षक हा शब्द उच्चारत नसत. कचेरीत कुणी विचारलं तर "ध्वनी खात्यात आहे" म्हणत, आणि असं खातं कुठल्याच सरकारात नसल्यामुळे ऐकणारा गप्प बसे. दोन वर्षांपूर्वी मात्र त्यांनी एकदा लेकीच्या तोंडावर विचारलं होतं, "दुसऱ्यांची गाणी एकामागून एक लावायची, याला काम म्हणतात का?" ती वेगळी राहायची, दर गुरुवारी आईला भेटायला यायची, पण तेव्हापासून बापलेकीचं संभाषण "जेवलीस का?" आणि "हो" एवढ्यावर आलं होतं. अधूनमधून बदल म्हणून निरीक्षक "जेवलीस ना?" असं विचारून बघत. उत्तर तेच येई.

अशाच एका गुरुवारी, तिघं टेबलाशी बसलेले असताना, सिस्टर म्हणाल्या, "माझं एक गाणं मधे लागलं पाहिजे. ते माझ्या ऑपरेशनच्या वेळचं."

कुठलं ते दोघांनाही कळलं. आदल्या वर्षी सिस्टरच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दुखण्यापायी तीन दिवस त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. औषधं झाली, उशा बदलून झाल्या. चौथ्या दिवशी दुपारी लेकीने न बोलता आपले हेडफोन आईच्या कानाला लावले. आत ट्रान्स म्हणतात तसल्या संगीताचा एक संथ तुकडा होता, नऊ मिनिटांचा. शब्द नाहीत, गाणारं कुणी नाही. नुसते लांबच लांब सूर आणि खाली झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा एक सावकाश ठोका. हजारो पेशंटना "घाबरू नका, लांब श्वास घ्या" म्हणणाऱ्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणीतरी लांब श्वास घ्यायला लावलं. सहाव्या मिनिटाला सिस्टर झोपल्या. निरीक्षक तेव्हा पलंगाच्या पायाशी उभे होते आणि त्यांना वाटलं होतं की औषध लागू पडलं.

"आई, ते मधे नाही लागत," लेक म्हणाली. "नाचाचा सेट एकशे अठ्ठावीसला असतो."

"म्हणजे काय?" निरीक्षकांनी विचारलं, आणि आपण जेवणाबाहेरचं काहीतरी विचारलंय हे लक्षात येऊन जरा दचकले.

"मिनिटाला एकशे अठ्ठावीस ठोके. आईचं गाणं शहाण्णवचं. नाचणाऱ्याच्या पायाखालून एकदम बत्तीस ठोके काढून घेतले तर तो चहाकडे जातो. एकदा चहाकडे गेलेला माणूस परत येत नाही."

"मग हळूहळू कमी कर."

"हळूहळू म्हणजे किती हळू, हेच तर माझं काम आहे."

काम हा शब्द टेबलावर पडला आणि तिथेच राहिला. सिस्टरनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "म्हणूनच म्हणते, दोघांनी मिळून लावा. ही नाचाची गाणी सांभाळेल, आणि अहो, माझं गाणं तुम्ही आणायचं. आणि नाच थांबवून नाही आणायचं. नाचता नाचता तिथवर पोचले पाहिजेत सगळे. मला दुसरं काही नको." एवढं बोलून त्यांनी भांडी उचलली. गाणं हे निमित्त आहे, हे निरीक्षकांना न कळण्याइतके ते काही भोळे नव्हते. हे फसलं तर पुढची सगळी वर्षं "जेवलीस का?" यावरच काढावी लागणार, असा त्याचा सरळ अर्थ होता.

पुढच्या गुरुवारी लेक यंत्र घेऊन आली. दोन गोल तबकड्या, मधे वरखाली सरकणाऱ्या पट्ट्या आणि लिफ्टच्या नियंत्रणपेटीपेक्षा जास्त बटणं. निरीक्षकांनी चष्मा लावून आधी मागची तारजोडणी तपासली, एका जोडाबद्दल नापसंती दर्शवली आणि मग म्हणाले, "यात काय आहे? हे बंद, ते चालू." त्यांनी हे बंद करून ते चालू केलं. जो आवाज झाला त्याने खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर तोंडाला मास्क असतानाच वर धावत आले आणि कोण पडलं म्हणून विचारू लागले. कुणी पडलेलं नाही, हे पटवायला निरीक्षकांना घरातली माणसं मोजून दाखवावी लागली.

तिथून बातमी इमारतभर झाली आणि सल्ल्यांना ऊत आला. डॉक्टर म्हणाले, सोपं आहे, आधी भूल द्या: आवाज इतका मोठा करा की लोक बधिर होतील, मग काहीही लावा. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, मधे घोषणा करा, "आता सर्वांनी शांतपणे पुढील गीतासाठी तयार व्हावे", आणि शिट्टी हवी असेल तर माझी अजून आहे. इमारतीच्या अध्यक्षांनी तर विषय कार्यकारिणीपुढे ठेवायची तयारी दाखवली. ज्या माणसापुढे चाळीस इमारतींचे मालक चळचळ कापत, त्याला जिन्यात कुणीही थांबवून गाणं कसं लावायचं ते सांगू लागलं. निरीक्षक सगळ्यांचं ऐकून घेत आणि घरी येऊन दार जरा जोरात लावत.

पण घरात काहीतरी वेगळंच चाललं होतं. लेकीने त्यांच्या एका कानाला हेडफोन लावला होता. एका कानात बाहेर चाललेलं गाणं, दुसऱ्या कानात अजून कुणालाही ऐकू न जाणारं, पुढचं. दोन्ही ठोके दोन बेशिस्त घोड्यांसारखे मागेपुढे धावत. "पट्टी सरकवा, थोडीशी. अजून. आता थांबा," लेक म्हणाली, आणि दोन्ही ठोके सरकत सरकत एकमेकांजवळ आले आणि एक झाले. दोन गाणी होती आणि ठोका एकच. निरीक्षकांच्या अंगावर सरसरून काटा आला. लिफ्टची फरशी आणि मजल्याची फरशी केसाचंही अंतर न राहता जुळते तेव्हा त्यांना जे वाटे, तेच हे होतं. फक्त इथे जुळलेलं डोळ्याला दिसत नव्हतं. ते कितीतरी वेळ तसेच उभे राहिले आणि तारजोडणीबद्दल आणखी एक गोष्ट सांगायची होती ती विसरून गेले.

दुसरा धक्का त्याहून मोठा होता. लेक चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच म्हणाली, "बाबा, मागे पडताय." निरीक्षकांनी खिशातलं कचेरीचं स्टॉपवॉच काढलं, दाबलं, मोजलं. खरोखरच मागे पडले होते, आणि किती, तर मिनिटाला एका ठोक्याचाही पुरता फरक नव्हता. पाणी उकळत असताना, भिंतीपलीकडून, पाठमोरी उभी राहून तिला हे कळलं होतं. निरीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. त्यांच्या खात्यात एवढा फरक पकडायला एक यंत्र होतं आणि ते दर वर्षी दुरुस्तीला जाई.

मग त्यांनी आपल्या पद्धतीने तोडगा काढला. आलेखाच्या कागदावर त्यांनी एक रेघ मारली: एकशे अठ्ठावीसपासून शहाण्णवपर्यंत, मिनिटाला एक ठोका खाली, एकूण बत्तीस मिनिटं. सातव्या मजल्यावरून लिफ्ट उतरवायची तशी. लेकीने कागद पाहिला आणि रेघेवरून शेवटपर्यंत बोट फिरवलं. "चालेल," ती शेवटी म्हणाली. तिने कागद परत देताना तो दुमडला नाही, हे निरीक्षकांनी मनात टिपून ठेवलं.

एवढ्यात परवाना आडवा आला. सभागृहात संगीत लावायचं तर ध्वनी परवाना लागतो, आणि अर्जात दोन चौकटी होत्या: नृत्यसंगीत आणि शांतसंगीत. नृत्यसंगीताला खुर्च्या बाजूला आणि दारं उघडी, शांतसंगीताला खुर्च्या मांडलेल्या आणि दारं बंद. निरीक्षक प्रामाणिक माणूस, त्यांनी दोन्ही चौकटींत खूण केली. परवाना कचेरी सहाव्या मजल्यावर होती आणि लिफ्ट बंद होती. धापा टाकत ते खिडकीशी पोचले तेव्हा तिथल्या नोंदणी-बाईंनी अर्जावरून नजर त्यांच्याकडे वळवली.

"तुम्हीच ना ते? आमच्या लिफ्टला कुलूप लावलंत."

"पेल्यातलं पाणी सांडलं होतं," निरीक्षक म्हणाले.

"एक थेंब," नोंदणी-बाई म्हणाल्या. "चार महिने झाले, सहा जिने चढतेय मी. असू दे. नियम म्हणजे नियम." आणि त्यांनी हसतमुखाने नियमांचं पुस्तक उघडलं. दोन्ही प्रकारचं संगीत एकाच बैठकीत असेल तर बदल कुठल्या मिनिटाला होतो ते आधी लिहून द्यायचं, आणि त्याच मिनिटाला खुर्च्या मांडायच्या. साठ खुर्च्या.

"असं मिनिट नाही," निरीक्षक म्हणाले. "बदल बत्तीस मिनिटांत होतो. कुणाला कळणार नाही असा."

"कळणार नाही असा बदल नसतो. मी स्वतः येते नोंदवही घेऊन. ज्या मिनिटाला मला कळेल ते मिनिट लिहीन, आणि त्या मिनिटाला खुर्च्या दिसल्या नाहीत तर यंत्र बंद." निरीक्षकांना यात खोट काढता येईना. हाच सूर ते एकतीस वर्षं लोकांना ऐकवत आले होते, पण ऐकणाऱ्याला तो कसा लागतो हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. जिने उतरताना त्यांना सहा मजले फार वाटले.

रविवार उजाडला. चार वाजता सभागृह भरलं, सव्वाचारला लोक नाचू लागले. लेक यंत्रामागे उभी होती आणि निरीक्षक तिच्या बाजूला, इस्त्रीचा शर्ट घालून, आलेख हातात घेऊन. लेकीला काम करताना ते पहिल्यांदाच पाहत होते. ती यंत्राकडे जवळजवळ बघतच नव्हती, माणसांकडे बघत होती. कोपऱ्यात भिंतीला चिकटलेल्या मुख्याध्यापिकांकडे तिने दोन गाणी नुसतं पाहिलं, तिसरं काहीतरी लावलं, आणि बाई भिंत सोडून मधे आल्या. दवाखान्यातले भूलतज्ज्ञ, ज्यांना कुणी कधी हसताना पाहिलं नव्हतं, ते खांदे उडवत होते. "तुला कसं कळलं?" निरीक्षकांनी विचारलं. "दिसतं ना," लेक म्हणाली. निरीक्षकांनाही समोर तीच माणसं दिसत होती, पण हे दिसत नव्हतं.

पावणेपाचला उतरण सुरू झाली. मिनिटाला एक ठोका. एकशे सत्तावीस, सव्वीस, पंचवीस. कुणाला काही कळलं नाही. एकशे वीसला डॉक्टरांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. दाराशी नोंदणी-बाई मांडीवर वही उघडून, पेनचं टोपण काढून बसल्या होत्या आणि त्यांनाही काही कळलं नाही. एकशे चौदाला सिस्टर घामाने डबडबलेल्या, पदर खोचलेल्या, यंत्राशी आल्या आणि लेकीचा हात धरून म्हणाल्या, "चल, एक गाणं माझ्याबरोबर. बाबा आहेत ना इथे." लेकीने क्षणभर बापाकडे पाहिलं आणि गेली. यंत्र त्यांच्या हवाली होतं.

नेमक्या त्याच वेळी नोंदणी-बाईंनी दारातून हात वर केला. अर्ध्या वेळेला अर्जदाराची सही लागते, हाही नियम होता. निरीक्षकांनी पट्टीवर एक नजर टाकली: एकशे बारा. गाणं चालू होतं, संपायला अवकाश होता. वीस पावलं जायचं आणि यायचं. पण चालू तपासणीत यंत्र बेवारस सोडणं त्यांना जमणारं नव्हतं. एकतीस वर्षांची सवय हातात होती आणि हाताने डोक्याला विचारलं नाही. त्यांनी वरच्या खिशातून खात्याचं लाल कार्ड काढलं, "तपासणी चालू, हात लावू नये", ते दोऱ्याने यंत्राला बांधलं आणि निश्चिंत मनाने सही करायला गेले.

सभागृहाचा वायरमन गरीब माणूस होता. दोन वर्षांपूर्वी त्याने असंच लाल कार्ड लावलेल्या लिफ्टचा वीजपुरवठा चालू ठेवला होता आणि निरीक्षकांनी त्याला तासभर उभं करून झापलं होतं. आता भिंतीकडेने जाताना त्याला यंत्रावर तेच कार्ड, तीच सही दिसली. तो धावत गेला आणि त्याने मेन पाडून सगळी वीज तोडली.

गाणं मधेच तुटलं. सभागृहभर पाय जमिनीवर अर्धवट टेकले आणि थांबले. निरीक्षक पेन टाकून धावले.

"कार्ड दिसलं, साहेब," वायरमन अभिमानाने म्हणाला. "कार्ड दिसलं की आधी मेन पाडायचं, तुम्हीच शिकवलंय."

"चढव आता."

"कसं चढवू? कार्डाच्या मागे कारण, वेळ आणि सही. आणि सहीनंतर पाच मिनिटं थांबायचं. घाई केली की माणूस जातो, असं तुम्हीच म्हणालात." निरीक्षक म्हणाले होते. शब्दन् शब्द त्यांचाच होता, आणि समोरचा माणूस त्यावर एखाद्या धर्मग्रंथासारखा विसंबून उभा होता. त्यांनी कार्ड उलटं केलं, कारणाच्या जागी "चूक" लिहिलं, वेळ टाकली आणि सही केली. पाठीमागे कुजबुज सुरू झाली. अध्यक्ष चहाकडे निघाले. एकदा चहाकडे गेलेला माणूस परत येत नाही, हे आठवून निरीक्षकांना खोल खड्ड्यात उतरल्यासारखं झालं. सिस्टरच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस त्यांना झालं नाही.

तेवढ्यात टाळी ऐकू आली.

सभागृहाच्या मधोमध लेक टाळ्या वाजवत होती. डोक्याच्या वर हात नेऊन, एकसारख्या, ठोक्याला एक. सिस्टरनी तिच्याबरोबर सुरू केलं. मग भूलतज्ज्ञांनी, मग डॉक्टरांनी, आणि बघता बघता साठ माणसं तोच ठोका धरून पुन्हा पाय हलवू लागली. अध्यक्ष दारातून परत फिरले. निरीक्षकांच्या हाताने खिशातलं स्टॉपवॉच काढलं. पंधरा सेकंदांत अठ्ठावीस टाळ्या, म्हणजे मिनिटाला एकशे बारा. वीज गेली तेव्हा पट्टी जिथे होती तिथेच, ना एक इकडे ना एक तिकडे.

त्यांनी पुन्हा मोजलं. सत्तावीस. त्यांना वाटलं आपलंच चुकलं. थोड्या वेळाने पुन्हा मोजलं, सव्वीस. लेक उतरत होती. हातात आलेख नाही, घड्याळ नाही, यंत्र बंद. नुसत्या दोन तळहातांनी ती साठ माणसांना एक एक ठोका खाली नेत होती आणि त्या साठांतल्या एकालाही आपण खाली चाललोय याची गंधवार्ता नव्हती. निरीक्षकांनी आयुष्यात शेकडो लिफ्ट पाहिल्या होत्या. दोर नसलेली, मोटर नसलेली लिफ्ट इतकी अलगद उतरताना त्यांनी पाहिली नव्हती. घड्याळाचे आकडे त्यांना धूसर दिसायला लागले. चष्मा पुसावा लागला, आणि चष्म्याला काही झालेलं नव्हतं.

पाच मिनिटं झाली. वायरमनने मेनला हात घातला, आणि निरीक्षकांनी झडप घालून यंत्रावरच्या सगळ्या पट्ट्या शून्यावर ओढल्या. वीज परत येण्याआधी सगळं शून्यावर आणायचं, हीही सवयच होती, आणि या सवयीने मात्र लाज राखली. वीज आली ती आवाज न करता आली. दिवे लागले. पंचवीस टाळ्या. लेकीने वळून बापाकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात गुंतलेले होते. ते थांबले असते तर सगळं सभागृह थांबलं असतं.

"बाबा, आता तुम्ही," ती म्हणाली, टाळीच्या ठोक्यावर. "डावीकडे. यादीत सगळ्यात खाली."

निरीक्षकांनी हेडफोन कानाला लावला. एका कानात साठ माणसांच्या टाळ्या, दुसऱ्या कानात सिस्टरचं गाणं, अजून कुणालाही न ऐकू येणारं. टाळ्या किंचित पुढे होत्या. त्यांनी पट्टीला हात लावला नाही. ते थांबले. टाळ्या उतरत उतरत जवळ आल्या, चोवीसवर, म्हणजे शहाण्णववर आल्या, आणि टाळी आणि ठोका एक झाले. मग त्यांनी आवाजाची पट्टी वर ढकलायला घेतली, इतकी सावकाश की त्यांना स्वतःलाही ती हलताना दिसली नाही.

नंतर कितीतरी दिवस इमारतीत यावर वाद चालला. मुख्याध्यापिका म्हणत, टाळ्या थांबल्या आणि मग सूर आला. डॉक्टर म्हणत, छे, सूर आधीपासूनच होता. खरं म्हणजे कुणालाच माहीत नव्हतं. टाळ्या विरळ होत गेल्या, हात खाली आले, आणि माणसं नाचत होती ती नुसती डोलू लागली. खुर्च्या मांडायची कुणाला शुद्ध नव्हती. नोंदणी-बाईंची वही मांडीवरून घसरून खाली पडली होती आणि त्या डोळे मिटून बसल्या होत्या. ते लांब सूर सभागृहभर पसरले आणि साठ माणसांचा श्वास एकाच वेळी आत जाऊन एकाच वेळी बाहेर आला. सिस्टर मधोमध उभ्या होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या उशाशी उभी राहिलेली ती बाई आता कुणाच्याही उशाशी नव्हती. त्यांचे हात मोकळे सुटले होते, चेहरा वर होता, आणि त्या रडत होत्या की हसत होत्या हे निरीक्षकांना ठरवता आलं नाही. त्यांनी एकतीस वर्षं बंद खोक्यांतून माणसं वरखाली नेली होती. माणसं अशीही नेता येतात, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

लेक यंत्रामागे आली आणि तिने निरीक्षकांच्या कानावरचा हेडफोन काढून स्वतःच्या डोक्याला लावला. तिचे तळहात लालबुंद झाले होते.

"मी तेव्हा जे बोललो," निरीक्षक म्हणाले, "ते चूक होतं. मला यातलं काही कळत नव्हतं आणि मी बोललो."

लेक समोर माणसांकडे बघत होती. "आत्ता नको, बाबा," ती हळूच म्हणाली. "गाण्याची चार मिनिटं उरलीत. एवढ्या सगळ्यांना परत वर न्यायचंय."

"मग मी होऊ का बाजूला?"

"कुठे निघालात? इथेच उभे राहा."

तिने हेडफोन आपल्या डोक्यावरून अर्धा काढला, एक बाजू स्वतःच्या कानाशी धरली आणि दुसरी बाजू बापाच्या कानाला लावली. निरीक्षकांना जरा वाकावं लागलं. डोकं डोक्याला टेकलं. आत पुढचं गाणं चालू होतं. सभागृहात ते अजून कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते दोघं ते ऐकत उभे होते.